झेलमहून आलेला नापाचा सूट

बायका एकवेळ आपलं खरं वय सांगतील, सासूशी काय भांडण झालं तेही सांगतील, पण अंगाला टेप लावू देणार नाहीत. जर्मनीत इतकी वर्षं शिवणकाम केल्यावर माझी ही खात्री झाली आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यात मंडळी आपापल्या कामाविषयी लिहितात. कुणी गाड्यांच्या कंपनीत असतं, कुणी कॉम्प्युटरवर. अंकाचं बघणाऱ्या ताई मुलीच्या घागऱ्याची उंची कमी करून घ्यायला दुकानात आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "काकू, तुम्हीही लिहा की." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही ठाऊक नव्हतं. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण वाचायची सवय सुटली नाही. आता दुपारचा वेळ मोकळा असतो म्हणून लिहून बघते आहे. द्यायचं की नाही ते नंतर ठरवीन. नावं मात्र सगळी बदलली आहेत.

आमचे हे तंदूरवर काम करायचे. इचलकरंजीहून मुंबईला आणि मुंबईहून फ्रांकफुर्टजवळच्या एका हॉटेलात. त्यांच्यामागून मी आले. घरात बसून बसून मी इतकी गप्प झाले की ह्यांनाच काळजी वाटायला लागली. बाड हॉम्बुर्गमध्ये एका शिवणाच्या दुकानात बाई हवी आहे अशी बातमी त्यांनीच आणली. मालकीण पाकिस्तानी होती. माझा भाऊ फोनवर म्हणाला, एवढ्या लांब गेलीस आणि नोकरी कुणाकडे करणार, तर त्यांच्याकडे? मला फक्त मशीनवर बसायचं होतं.

ह्या मालकीण नुसरतबाजी, बाजी म्हणजे ताई, मूळच्या फैसलाबादच्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. त्यांनी माझ्या हातात एक पँट दिली आणि बोट ठेवून म्हणाल्या, इथपर्यंत आखूड कर. मी केली. त्यांनी ती उलटी करून टीप बघितली आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये. पण जरा मोठ्याने बोलत जा. तू बोललीस की मला मशीन बंद करावं लागतं."

दुकानाच्या पाटीवर एवढंच लिहिलं होतं की इथे कपडे दुरुस्त करून मिळतील. पुढच्या भागात जर्मन गिऱ्हाइकांचं काम चालायचं. पँटची उंची, कोटाची चेन, पडद्याची किनार. मधे एक फुलाफुलांचा पडदा होता. पडद्याच्या मागे शलवार-कमीज, शरारे, लग्नाचे जोडे, म्हणजे नवरीचे कपडे. पुढे जर्मनी आणि मागे पाकिस्तान, आणि दोन्हीकडे शिवायला मी. पुढच्या भागात दोन वाक्यांत काम होतं. लांब करायचं की आखूड, घट्ट की सैल, डावं की उजवं, मंगळवारी मिळेल. माझं सगळं जर्मन त्या काउंटरवर शिकलेलं आहे. मला आजही त्या भाषेत डॉक्टरशी धड बोलता येत नाही, पण बाहीचं काय करायचं ते कुणालाही समजावून देते.

पडद्याच्या मागे मात्र दोन वाक्यांत काहीच होत नसे. आधी चहा, मग घरची खुशाली, मग पिशवीतून निघणारं कापड. पाकिस्तानातून कुणी आलं की बायकांच्या बॅगा लॉनच्या कापडाने भरलेल्या असायच्या. लॉन म्हणजे त्यांच्याकडचं उन्हाळ्याचं पातळ सुती कापड. कमीज, शलवार आणि दुपट्टा असे तिन्ही तुकडे एकत्र येतात, न शिवलेले. इथे उन्हाळा असतो जेमतेम, पण कापड येतंच राहतं. ईदच्या आधी तर आम्हाला मान वर करायला वेळ मिळत नसे. रोज्यांत मी डबा घेऊन मागच्या दाराशी जाऊन खायची. नुसरतबाजींनी बघितलं आणि रागावल्या. म्हणाल्या, माझा रोजा इतका कच्चा नाही, की तुझ्या भाकरीच्या वासाने तुटेल, आत बसून खा.

आता नाप. आपण माप म्हणतो, त्यांच्यात नाप. तो टेपने घ्यायचा नसतो. गिऱ्हाईक आपला एक जुना, अंगाला बरोबर बसणारा सूट घेऊन येतं आणि म्हणतं, असाच शीव. त्याला म्हणायचं नापाचा सूट. आपल्याकडेही बायका नापाला जुना ब्लाउज देतात, तसंच. गंमत पुढे असते. तो सूट शिवला तेव्हा बाई बारीक असते. म्हणून ती म्हणते, असाच, पण एक बोट सैल. कुणाचं बोट ते सांगत नाही. एका बाई दर वर्षी तोच नापाचा सूट आणायच्या आणि दर वर्षी एक बोट वाढवायच्या. शेवटी नुसरतबाजी त्यांना म्हणाल्या, आता बोटं संपली, हात आण. दुसऱ्या एक बाई वजन कमी करणार होत्या म्हणून सूट आधीच घट्ट शिवून घ्यायच्या आणि ईदनंतर उसवायला आणायच्या. आम्ही दाबात भरपूर कापड ठेवायचो. दाब म्हणजे शिलाईच्या आत दुमडून राहिलेलं कापड. शिंप्याचा गिऱ्हाइकावर किती विश्वास आहे ते दाबावरून कळतं.

जुन्या सुटावरून खरं माप कळतं, कारण घालून घालून तो अंगाचा होतो. कोपर कुठे येतं, कुठे ताण बसतो, माणूस कुठल्या बाजूला झुकून चालतो, सगळं कापडात उतरतं. म्हणून नापाचा सूट वापरलेलाच पाहिजे. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही कौसरबाजींच्या सुनेच्या वेळी घोटाळा झालाच.

कौसरबाजी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. एका वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या खात्यात काम करायच्या. नवरा वारला होता, मुलगा हमजा बस चालवायचा. हमजाचा निकाह पाकिस्तानातल्या झेलम गावच्या सिदराशी झाला. तो आपल्या चुलत्यांबरोबर जाऊन निकाह करून आला. कौसरबाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना जाता आलं नाही. त्यांनी सून बघितली ती फोनवर आणि फोटोत, तीही दुपट्ट्यात गुंडाळलेली. रुखसती, म्हणजे मुलीची पाठवणी, बाकी होती. मुलीला इकडे यायचं तर आधी जर्मन भाषेची परीक्षा पास व्हावी लागते, मग व्हिसा. ती तिकडे क्लासला जात होती.

सून आली की मुलाकडच्यांनी जेवण द्यायचं, त्याला वलीमा म्हणतात. त्या दिवशीचा जोडा सासरचा असतो. कौसरबाजींनी तो विकत घ्यायचा नाही असं ठरवलं. फिक्या हिरव्या रेशमावर त्या स्वतः भरतकाम करत होत्या. कामावरून यायच्या, पाय वर घ्यायच्या आणि सुई हातात धरायच्या. मुलगी परीक्षेत एकदा नापास झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, बरं झालं, बाह्या राहिल्या होत्या. ते काम बघितल्यावर मी हातातली कात्री खाली ठेवली. असं कापड एकदाच कापता येतं. भरलेल्या वेलीतून कात्री चुकीची गेली तर परत जोडता येत नाही.

झेलमहून कुणाच्या तरी हाती नापाचा सूट आला. कौसरबाजींनी तो कौतुकाने उलगडला. गुलाबी, गळ्याला गोटा, म्हणजे जरीची पट्टी, लावलेला, कडक इस्त्रीचा. मी तो उलटा करून बघितला. कोपराला घडी नव्हती, काखेत ताण नव्हता, धाग्यांची टोकं जशीच्या तशी. तो सूट कुणी कधी घातलेलाच नव्हता.

नुसरतबाजींच्याही लक्षात आलं. कौसरबाजींना सांगावं लागलं. त्या सुनेच्या घरच्यांची बाजू घेऊन बोलायला लागल्या. बरोबरच आहे, सासरी कुणी मुलीचा जुना, विटका कपडा पाठवतं का? अब्रूचा प्रश्न असतो. त्यांच्या जागी मी असते तर मीही नवाच शिवून पाठवला असता. मग दुसरा मागवा, असं नुसरतबाजी म्हणाल्या. तर कौसरबाजींनी कानाला हात लावले. दुसरा मागवणं म्हणजे पहिला खोटा म्हणण्यासारखं. झालं. तिकडची आई जुना पाठवणार नाही, इकडची आई मागणार नाही, आणि मधे माझी कात्री.

नुसरतबाजींनी तोडगा काढला. रविवारी दुकान बंद असतं. दुकानातून व्हिडिओ कॉल लावायचा, कापड दाखवायच्या निमित्ताने मुलीशी बोलायचं आणि बोलता बोलता माप काढून घ्यायचं. बोलणार नुसरतबाजी, मी फक्त कापड धरून उभी राहणार.

कॉल लागला. पलीकडे पलंगावर सिदरा, तिची आई, आत्या आणि थोरले काका रांगेत बसलेले. काकांनी नुसरतबाजींना विचारलं, फैसलाबादेत कुठल्या? त्या म्हणाल्या, गुलबर्गच्या बाजूच्या. काकांचा कुणी दोस्त तिथेच राहायचा. दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. कौसरबाजी मागच्या मोरीजवळ चहा करत होत्या. शेवटी कुणाचा तरी नंबर असलेली वही आणायला नुसरतबाजी गाडीकडे गेल्या, फोन माझ्या हातात आला आणि समोर मुलगी. काकांसमोर तिला छाती-कंबर कशी विचारायची?

तिनेच सुरुवात केली. मला म्हणाली, "गुटन टाग." मग आपलं नाव, गाव, छंद, सगळं जर्मनमध्ये घडाघडा म्हणून दाखवलं, परीक्षेत म्हणतात तसं. आईचा चेहरा अभिमानाने फुलला. ती आत्याला कोपराने ढोसत होती.

तेव्हा मला सुचलं. मला येतं ते जर्मन म्हणजे घट्ट, सैल, डावं, उजवं. इथे तेवढंच हवं होतं. मी जर्मनमध्ये विचारलं, तो गुलाबी कपडा कसा बसतो, घट्ट की सैल?

तिने एकदा आईकडे बघितलं. मग तोच परीक्षेचा सूर धरून, डोळे छताकडे लावून म्हणाली, "दास क्लाइड इस्ट निष्ट फॉन मिअर." तो कपडा माझा नाही.

माझ्या चुलत बहिणीच्या मापाचा आहे, असं पुढे म्हणाली. मी विचारलं, का? ती जरा अडखळली. आई शेजारी हसत बसलेली. "दी लिंके शुल्टर इस्ट टीफर," सिदरा म्हणाली. डावा खांदा खाली आहे. पाठ जरा वाकडी आहे, लहानपणापासून. अम्मीने कुणाला सांगू नको म्हटलंय. हे सगळं तिने तुटक तुटक सांगितलं, पण सूर असा की जणू बाजारातल्या भाज्यांची नावं म्हणते आहे. काका मधेच म्हणाले, शाबास बेटा.

मी तिला जर्मनमध्येच म्हटलं, घाबरू नकोस. तुझी जुनी कमीज पलंगावर पसर, टेप ठेव, फोटो माझ्या फोनवर पाठव. ती हो म्हणाली. फोन बंद झाला. आपण काहीतरी भारी केलं अशा आनंदात मी मागे वळले, तर पडद्यापाशी कौसरबाजी हातात ट्रे घेऊन उभ्या.

मी विसरलेच होते. ज्या बाईने आयुष्यभर जर्मन म्हाताऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, तिला खांदा म्हणजे काय ते शिकवायला नको होतं.

त्यांनी ट्रे ठेवला. मला विचारलं, "कितना?"

मी बोटांनी दाखवलं. दीड बोट असेल.

त्यांनी रेशमाची घडी केली, पिशवीत घातली आणि चहा न घेता निघून गेल्या.

काय झालं ते मी नुसरतबाजींना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "वर्षानुवर्षं तुझ्या तोंडातून शब्द निघत नाही, सुमन. तुला बोलायला आजचाच दिवस सापडला?"

ते दिवस वाईट गेले. निकाह झाला असला तरी पाठवणी बाकी होती. अशा वेळी सासूचं मन फिरलं तर कागद पुढे सरकत नाहीत, मुलगी तिकडे माहेरी बसून राहते, ना इकडची ना तिकडची. अशी एक मुलगी नुसरतबाजींच्या नात्यात होती. सिदराने त्याच दिवशी फोटो पाठवला होता, निळी कॉलेजची कमीज, कोपरं विरलेली. डावी बाजू स्वच्छ दिसत होती. खाली तिने जर्मनमध्ये धन्यवाद लिहिलं होतं. मी तो फोटो बघायची आणि फोन पालथा ठेवायची. पुढच्या भागात एका गृहस्थांच्या पँटचा एक पाय मी दुसऱ्यापेक्षा आखूड केला. ते काही बोलले नाहीत, पण बसल्यावर दिसत होतं.

मग एका सकाळी कौसरबाजी आल्या. हातात रेशमाची पिशवी होती. माझा जीव भांड्यात पडला, पण त्यांचा चेहरा बघून पुन्हा वर आला. त्या खुर्चीवर बसल्या आणि चिडून बोलायला लागल्या. सगळा राग हमजावर. त्याला त्यांनी विचारलं, तर गधा म्हणतो, मला निकाहच्या आधीपासून ठाऊक आहे, तिनेच सांगितलं. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणतो, अम्मी, तू तुझा गुडघा सांगितला होतास का त्यांना?

नुसरतबाजींना हसू आवरेना. कौसरबाजी खरंच गुडघ्याचं काही बोलल्या नव्हत्या. ऑपरेशनमुळे येता येत नाही, हे सांगायच्या ऐवजी कामावरून सुट्टी मिळत नाही असं झेलमला कळवलं होतं. सासू लंगडते असं कळलं तर मुलीला काम पडेल म्हणून ते लोक नाही म्हणतील, ही भीती.

"खांद्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण तिच्या आईने मला परकं समजलं, ते लागलं." मग पिशवीतून रेशीम काढत म्हणाल्या, "मीही तेच केलं म्हणा."

त्यांनी रेशीम टेबलावर पसरलं. मी त्यांना एक गोष्ट सांगितली. शिंप्याशिवाय ती कुणाला ठाऊक नसते. दोन्ही बाजू सारख्या असलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. कुणाचा खांदा, कुणाचा नितंब, कुणाची एक बाही. आम्ही गुपचूप इकडे दाब जास्त धरतो, तिकडे सोडतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपण सरळ आहोत. कौसरबाजींनी संशयाने विचारलं, "माझं काय?" मी म्हटलं, राहू दे बाजी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी निळ्या कमीजवरून कापलं. वेल गळ्याशी जुळावी म्हणून डाव्या तुकड्याचा उतार वेगळा धरला. आधी जुन्या चादरीवर कापून बघितलं, मग रेशमाला हात लावला. आत एक पातळ गादी करून ठेवली, डाव्या खांद्यात घालायला. ती घातली की दोन्ही खांदे एका रेषेत दिसले असते.

सिदरा आली ती वसंतात. उंच, सावळी, हसरी. ट्रायलला आरशासमोर उभी राहिली. मी गादी दाखवली. तिने ती दोन बोटांत धरून दाबून बघितली आणि विचारलं, "आंटी, ही मी भांडी घासतानाही घालायची का?"

कौसरबाजी म्हणाल्या, एक दिवस घाल बेटा, लोक येणार आहेत, फोटो निघतील.

"अम्मी, राहणार ते फोटोच ना," ती म्हणाली. "त्यात मी नसेन, ही असेल."

कौसरबाजींनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? गादीशिवायही शिलाई बरोबर बसत होती, एवढंच म्हटलं. त्यांनी गादी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. म्हणाल्या, असू दे, सुया टोचायला होईल.

वलीमा फ्रांकफुर्टच्या बाहेर एका हॉलमध्ये झाला. मी आणि आमचे हे दोघंही गेलो. मला अशा ठिकाणी कुठे बसावं ते कळत नाही, म्हणून मी नवरीच्या मागे दुपट्टा सावरायच्या निमित्ताने उभी राहिले. तेवढ्यात शमीमआंटी आल्या. या सगळ्यांच्या आधी जर्मनीत आलेल्या, त्यामुळे त्यांचा शब्द मोठा. भर उन्हाळ्यातही अंगावर शाल. भेटायला आल्या की आधी कपड्याची किनार चिमटीत धरून बघायच्या, मग माणसाकडे. त्यांनी नवरीची किनार बघितली, भरतकाम बघितलं आणि नजर खांद्यावर थांबली.

"कंधा गिर रहा है," त्या मोठ्याने म्हणाल्या. "कुणी शिवलंय हे?"

शेजारच्या बायका वळल्या. कौसरबाजींचा चेहरा पांढरा पडला. मी आयुष्यात चारचौघांत कधी बोलले नाही, आणि माझ्या शिलाईला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. तरी मी पुढे होऊन म्हटलं, "मी शिवलंय. माझीच चूक झाली."

सिदराने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग शमीमआंटींना अगदी शांतपणे म्हणाली, "सिलाई बिलकुल ठीक है, आंटी. कंधा मेरा ही ऐसा है."

मग कौसरबाजींना आवाज फुटला. त्या म्हणाल्या, "आंटी, बिर्याणी थंड होते आहे," आणि त्यांचा हात धरून त्यांना टेबलाकडे घेऊन गेल्या, लंगडत. लपवायचं त्या विसरल्या होत्या. सिदराने आईला फोन लावला होता, तो समोरच्या टेबलावर उभा होता आणि झेलममधले सगळे बघत होते.

इतके लग्नाचे जोडे शिवले, त्यात एकच खंत मला राहिली. इथेच वाढलेल्या माझ्या मुलीने तिच्या लग्नाचा घागरा इंटरनेटवरून मागवला. सुंदर होता, पण दाबात कापडच नव्हतं.

वलीम्यानंतर काही दिवसांनी नुसरतबाजी बँकेत गेल्या असताना शमीमआंटी दुकानात आल्या. मी मनाची तयारी केली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पडद्याच्या आत आल्या आणि तो स्वतःच ओढून घेतला. मग शाल काढली. त्यांचा उजवा हात जाडीने डाव्याच्या निम्मा होता. लहानपणी ताप आला होता म्हणाल्या, तेव्हापासून. आजवर कुठल्याच शिंप्याला दाखवला नव्हता, नापाचा सूटच देत आल्या होत्या. नातीचं लग्न मे महिन्यात होतं. शालीशिवाय घालता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं.

"नाप ले," त्या म्हणाल्या.

मी टेप घेतली आणि खांद्यापासून सुरुवात केली. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून त्यांनी पडद्याची किनार चिमटीत धरली आणि बारकाईने तपासली.

"ही तिरकी शिवली आहेस," त्या म्हणाल्या.

ती तिरकी होतीच.